स्वमग्न लेकरू आणि प्रभूची रीत

शास्त्रपाठ : मार्क ७:३१-३७

मार्काच्या शुभवर्तमानातील हा पाठ आपण पुष्कळ वेळा ऐकला आहे, आणि बहुधा आपले लक्ष शेवटच्या चमत्काराकडेच लागून राहते. बहिरा ऐकू लागला, अडखळत बोलणारा स्पष्ट बोलू लागला, लोक थक्क झाले, एवढे ध्यानात घेऊन आपण पुस्तक मिटतो. परंतु चमत्काराच्या अगोदर प्रभूने काय काय केले, हेही मार्काने मोठ्या बारकाईने लिहून ठेविले आहे, आणि आज आम्हास त्याच ठिकाणी थांबावयाचे आहे.

दकापलीस प्रांतातील लोकांनी त्या मनुष्यास प्रभूकडे आणिले, आणि त्यांची विनंती एवढीच होती की, प्रभूने ह्याच्यावर हात ठेवावा. हे काम गर्दीत उभे राहूनही होण्याजोगे होते. प्रभूने तसे केले नाही. त्याने प्रथम त्या मनुष्यास गर्दीतून काढून बाजूला नेले. मग त्याच्या कानांत बोटे घातली, जिभेला स्पर्श केला, वर पाहिले, सुस्कारा टाकिला; आणि शब्द सर्वांच्या शेवटी आला. ज्यास ऐकूच येत नाही, त्यास शब्दांनी काय सांगावे? कानास बोट लागले तेव्हा त्यास कळले की, हा माझ्या कानाविषयी काही करणार आहे. प्रभूने वर पाहिले तेव्हा त्यास कळले की, साहाय्य कोठून येणार आहे. त्या मनुष्यास जी भाषा समजण्याजोगी होती, ती प्रभूने उचलली, आणि ती हाताची व डोळ्यांची भाषा होती.

ह्या रीतीविषयी आज लिहिण्याचे कारण असे की, आपल्या गावोगावच्या मंडळ्यांत अशी काही लेकरे आहेत, ज्यांचे कान शाबूत असून हाक मारिली असता ती वळून पाहत नाहीत. दोन वर्षांची होऊनही ती बोटाने 'तो बघ चंद्र' असे दाखवीत नाहीत. कोणी बोलतच नाहीत. कोणी बोलतात, परंतु आपण विचारलेला प्रश्नच जसाच्या तसा परत म्हणतात. कोणी गाडीचे चाकच तासभर फिरवीत बसतो, कोणी डबे व चमचे ओळीने मांडतो आणि त्यातील एक हलविला तर आकांत करितो. कोणी हात फडफडवितो, कोणी एकाच रंगाचे अन्न खातो, कोणास मिक्सरचा अथवा फटाक्याचा आवाज सुईप्रमाणे टोचतो. ह्या स्थितीला ऑटिझम म्हणतात आणि मराठीत स्वमग्नता हा शब्द रूढ झाला आहे. शब्द सोयीचा आहे, परंतु थोडासा फसवा आहे. लेकरू स्वतःतच रमले आहे व त्यास इतरांची पर्वा नाही, असे त्यावरून वाटते. वस्तुतः पुष्कळदा असे असते की, बाहेरचे जग त्याच्यावर एकदम सगळ्या बाजूंनी कोसळते, म्हणून ते मागे सरते.

हे फार विरळा आहे असेही कोणी समजू नये. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ सालच्या अंदाजाप्रमाणे १२७ माणसांमागे एक मनुष्य ह्या स्थितीचा आहे. ज्या गावात हजार माणसे राहतात, तेथे अशी सात-आठ माणसे असावयाची. ती आपल्या उपासनेत दिसत नसतील तर ती कोठे आहेत, हे मंडळीने स्वतःस विचारावे.

ती कोठे आहेत हे आम्ही सांगतो. रविवारी पेटी, ढोलकी व टाळ एकदम सुरू होतात, लाऊडस्पीकर शिट्टी मारितो, शंभर माणसे उभी राहतात, आणि ते लेकरू कानांवर हात ठेवून किंचाळू लागते किंवा सतरंजीवरून वेदीकडे धावत सुटते. एक वडीलधारे गृहस्थ मान वळवून पाहतात. दुसरे कोणी म्हणतात, "बाई, त्याला जरा बाहेर घेऊन जा." आई उठते. पुढल्या रविवारी ती पुन्हा येते, त्याच्या पुढल्या रविवारी येत नाही. पटावर तिचे नाव राहते. वर्षाच्या शेवटी वर्गणी मागावयास कोणी तिच्या दारी जाते, तेव्हा तिची आठवण होते. असे दृश्य आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिले आहे, आणि ती बाई जेव्हा उठली तेव्हा तिच्याबरोबर कोणी उठले नाही, हेही पाहिले आहे.

त्या आईच्या माथ्यावर आणखी एक ओझे असते. जन्मांध मनुष्यास पाहून शिष्यांनी जो प्रश्न विचारिला (योहान अध्याय ९ पाहा), तोच प्रश्न आजही तिच्या पाठीमागे कुजबुजला जातो: पाप कोणाचे, ह्याचे की आईबापांचे? सासू म्हणते, पोटुशी असताना हिने ग्रहण पाळले नाही. शेजारीण म्हणते, हिने मोबाईल हातात दिला म्हणून असे झाले. अडाणी लोकच असे बोलतात असे नाही. १९४३ साली अमेरिकेत लिओ कॅनर नावाच्या वैद्याने ११ मुलांचे वर्णन प्रसिद्ध करून ह्या स्थितीला नाव दिले. त्यानंतर पुष्कळ वर्षे मोठमोठे विद्वान असेच म्हणत राहिले की, आईची माया थंड असल्यामुळे मूल असे होते. किती घरे ह्या एका मताने जाळली असतील! १९६४ साली बर्नार्ड रिमलंड ह्यांनी, जे स्वतः अशा मुलाचे पिता व मानसशास्त्रज्ञ होते, ह्या मताचे खंडन केले. १९६९ साली खुद्द कॅनर ह्यांनी पालकांच्या सभेपुढे उभे राहून आईबापांस दोषमुक्त केले. १९७७ साली इंग्लंडातील २१ जुळ्यांच्या जोड्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला आणि हे रक्तातून, पिंडातून येते, हे स्पष्ट होऊ लागले. मेंदूची ही घडण जन्माच्या पूर्वीच पडू लागते. आईच्या पदरी ह्यात दोष नाही. प्रभूने शिष्यांना जे उत्तर दिले, ते विज्ञानास येऊन मिळावयास फार वर्षे लागली. परंतु आपल्या हाती ते पूर्वीपासून होते, आणि तरीही आपण शिष्यांचाच प्रश्न विचारीत बसलो, ह्याचे आम्हास अधिक वाईट वाटते.

लसीविषयीही एक शब्द सांगणे अवश्य आहे. गोवराच्या लसीने हे होते अशी वार्ता १९९८ साली एका इंग्रजी वैद्यकीय पत्रातील लेखावरून पसरली. तो लेख २०१० साली त्याच पत्राने मागे घेतला. ह्या भीतीने लेकरास लस टोचण्याचे कोणी टाळू नये.

आता एक कठीण गोष्ट सांगावयाची आहे, आणि ती आपल्याच घरची आहे. अशा लेकरास बाधा झाली आहे असे समजून त्याला देवऋषीकडे नेणारे लोक आहेत, त्याविषयी आपण व्याख्याने देतो. परंतु प्रभूचे नाव घेऊन तोच प्रकार करणारे आपल्यातही निघतात. लेकरास धरून ठेवणे, त्याच्या कानाशी ओरडणे, उपाशी ठेवणे, चापट्या मारणे, आणि त्यास प्रार्थना म्हणणे, हे ख्रिस्ताचे नव्हे. मार्काच्या नवव्या अध्यायातील मुलाचा दाखला कोणी देतो. त्या मुलाची लक्षणे वाचावी, ती झटके, फेस आणि दातखिळीची आहेत. आणि तेथेही प्रभूने बापाला शांतपणे विचारिले की, ह्याला हे केव्हापासून होते, आणि शेवटी मुलाचा हात धरून त्याला उठविले. अमेरिकेतील फ्लोरिडा संस्थानात 'चर्च' हे नाव लावून काही माणसांनी कपडे पांढरे करण्याच्या जातीचे रसायन औषध म्हणून विकले, आणि त्याने ऑटिझमही बरा होतो असे सांगितले. २०२३ साली तेथील न्यायालयाने त्यांना दोषी ठरवून कारावास दिला. आपल्याकडे कोणी बाटली, तेल, भस्म किंवा महागडे चूर्ण घेऊन आला आणि तीन महिन्यांत लेकरू बोलेल म्हणाला, तर त्याला आल्या वाटेने परत पाठवावे. ही स्थिती काढून टाकील असे औषध नाही.

कोणी म्हणेल, "मग प्रार्थना करू नये काय? प्रभूने तर त्या बहिऱ्याला बरे केले." प्रार्थना अवश्य करावी, रोज करावी, आम्हीही करितो. परंतु देवाने जे वचन दिले नाही, ते त्याच्या नावाने आईबापांस देण्याचा अधिकार कोणासही नाही. चमत्कार करणे आपल्या हाती नाही. गर्दीतून बाजूला नेणे, थांबणे, आणि त्याच्या भाषेत बोलणे हे तर प्रत्येकाच्या हाती आहे. आणि जे आपल्या हाती आहे ते न करिता जे हाती नाही तेच मागत बसणे, ह्याला आम्ही विश्वास म्हणणार नाही.

त्याची भाषा कोणती, हे शोधावे लागते. अमेरिकेत टेंपल ग्रँडिन म्हणून एक विदुषी आहेत. त्या साडेतीन वर्षांच्या होईपर्यंत बोलत नव्हत्या. पुढे त्या कोलोरॅडो येथील विद्यापीठात पशुविज्ञानाच्या प्राध्यापिका झाल्या. त्यांनी लिहिले आहे की, आपण शब्दांत विचार करीत नसून चित्रांत करितो. गुरे कोंडवाड्याच्या वाटेवर का अडतात, हे कोणास उमगत नव्हते. त्या स्वतः त्या वाटेने वाकून चालत गेल्या आणि त्यांना दिसले की, एखादी लोंबती साखळी, कुंपणावर टाकलेला कोट, जमिनीवरची सावली, एवढ्यानेच जनावर बुजते. आपल्या शेतकरी बांधवांस हे सांगणे नको. बैल अडला म्हणजे शहाणा गाडीवान आधी रस्त्याकडे पाहतो, मग आसुडाकडे. लेकरू बैलाहून किती मोलाचे! तरीही ते अडले की आपला हात आधी उगारला जातो. उत्पत्तीच्या तेहतिसाव्या अध्यायात एसावाने पुढे चल म्हटले असता याकोबाने नकार दिला, कारण लेकरे कोवळी होती व जनावरे पाजती होती. त्यांच्या पावलाने जाणे त्याने पत्करिले.

घरी काय करावे, हे आम्ही थोडे विस्ताराने सांगतो, कारण तज्ज्ञ महिन्यातून एकदा भेटेल, आणि आई, आजी व बाप रोज भेटणार आहेत. नॉर्थ कॅरोलायनातील एरिक शॉप्लर ह्यांनी, ज्यांची पद्धत १९७२ पासून त्या संस्थानात सर्वत्र चालू झाली, आईबापांना दोषी न मानता शिक्षणात भागीदार मानिले. तेव्हापासून पुष्कळ गोष्टी चुलीजवळ करण्याजोग्या झाल्या आहेत. पहिली गोष्ट चित्रांची. जेवणाचे ताट, पाण्याचा तांब्या, आंघोळ, शाळा, झोप, ह्यांची साधी चित्रे काढून किंवा फोटो छापून पुठ्ठ्यावर चिकटवावी आणि सकाळपासून रात्रीपर्यंतच्या क्रमाने भिंतीवर लावावी. जे काम झाले त्याचे चित्र उलटे करावे. ज्यास पुढे काय होणार हे दिसते, त्याचे निम्मे भय जाते. पाणी हवे असेल तर लेकराने पाण्याचे चित्र आपल्या हातात द्यावे, आणि त्याने दिले की तत्काळ पाणी द्यावे. व्याख्यान देऊ नये. चित्रांनी मूल मुके राहील, ही भीती पुष्कळांस वाटते. ती निराधार आहे. हातातून मागता येऊ लागले म्हणजे बोलण्याची वाट बंद होत नाही, कित्येकांची ती उघडते.

बोलताना लहान वाक्ये बोलावी. "आधी आंघोळ, मग झोका." आणि बोलून झाल्यावर मनात दहा अंक मोजेपर्यंत थांबावे. आपण थांबत नाही, हीच मोठी अडचण आहे. त्याच्या मनात उत्तर चालत येत असते, इतक्यात आपण प्रश्न दुसऱ्यांदा विचारितो, आणि बिचाऱ्यास पुन्हा आरंभापासून निघावे लागते. मामाच्या गावी जावयाचे असेल तर आदल्या दिवशी चित्र दाखवून सांगावे. डोळ्यांत डोळे घालून पाहण्याची बळजबरी करू नये. आणि जेव्हा ते जमिनीवर लोळण घेऊन आकांत करिते, तेव्हा तो हट्ट आहे की सोसण्यापलीकडचा ताण आहे, हे पाहावे. खाऊ मिळताच हट्ट थांबतो. ताण खाऊने थांबत नाही. अशा वेळी आवाज कमी करावा, माणसे दूर करावी, त्याला लागणार नाही एवढे पाहावे आणि जवळ शांत बसावे. मारू नये. मारल्याने ते शांत झालेले दिसले तरी त्याला एवढेच कळलेले असते की, ज्याच्याकडे पळावे तोही मारितो.

विहिरीविषयी सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. ह्या लेकरांपैकी पुष्कळांस पाण्याची विलक्षण ओढ असते, धोक्याची जाणीव कमी असते, आणि हाक मारिली तरी ती थांबत नाहीत. घराजवळची उघडी विहीर, शेततळे, कालवा, ह्यांना कठडा किंवा जाळी करावी. हे काम एकट्या बापाचे नसून गावाचे आहे. दाराची कडी उंच बसवावी. गळ्यातील ताइतात नव्हे, तर शर्टाच्या आत शिवलेल्या कापडावर नाव व फोन नंबर असावा. जमेल तर पोहणे शिकवावे.

भावंडांस विसरू नये. थोरली बहीण न बोलता सर्व सांभाळते, म्हणून तिला काही नको असते असे नाही. आणि वयात आलेल्या मुलाचे "लग्न करून द्या म्हणजे सुधारेल" असा सल्ला देणारे जे आहेत, त्यांनी दुसऱ्याच्या लेकीचा अंमळ विचार करावा.

शाळेविषयी कायदा स्पष्ट आहे, परंतु तो पुष्कळांस ठाऊक नाही. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा जो कायदा २०१६ साली झाला, त्यातील २१ प्रकारांत स्वमग्नता आहे. ज्यांच्या दाखल्यावर ४० टक्के वा अधिक दिव्यांगता नोंदली आहे, अशा लेकरांस ६ ते १८ वर्षांपर्यंत जवळच्या किंवा विशेष शाळेत फुकट शिकण्याचा हक्क आहे, आणि 'आमच्याकडे असली मुले घेत नाही' असे म्हणण्याची मुभा सरकारी व अनुदानित शाळेस नाही. ह्याचा आरंभ अंगणवाडीपासून होतो. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक अंगणवाडीत तपासणीस येते. त्या दिवशी लेकरास घरी लपवून ठेवू नये, त्याचीच तपासणी आधी करवून घ्यावी. पथक जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठविते. तेथे कानही तपासले जातात, आणि तपासलेच पाहिजेत. पुढे दिव्यांगत्वाचा दाखला व ओळखपत्र काढावे. १९९९ च्या कायद्याने स्थापन झालेल्या राष्ट्रीय न्यासाची 'निरामय' नावाची विमा योजना आहे, तिच्यात वर्षाला एक लाख रुपयांपर्यंतचा उपचारखर्च मिळतो. तालुक्याच्या गट साधन केंद्रात विशेष शिक्षकांची चौकशी करावी. दहावीच्या परीक्षेत जादा वेळ, लेखनिक अशा सवलती आहेत. त्यांचा अर्ज परीक्षेच्या आठवड्यात नव्हे, वर्षाच्या आरंभी करावा लागतो.

आपल्या मंडळ्यांत शिक्षक पुष्कळ आहेत, त्यांस आमची विनंती अशी. ह्या मुलाला दाराच्या व खिडकीच्या गडबडीपासून दूर, एकाच ठरलेल्या जागी बसवावे. एका वेळी एकच आज्ञा द्यावी. घंटा होण्याच्या अगोदर त्याला खूण करावी. वर्गात एक कोपरा असा असावा की, जेथे ते पाच मिनिटे कोणाच्या परवानगीवाचून जाऊन बसू शकेल. प्रभूने त्या मनुष्याला जे बाजूला नेले, त्याचा वर्गातील अर्थ आम्हास एवढाच दिसतो. इतर मुलांना खरे सांगावे की, ह्याचे कान आपल्यापेक्षा जास्त ऐकतात. मुले समजतात, बहुधा त्यांच्या पालकांच्या आधी समजतात. केडगावच्या मुक्तिसदनात एके काळी अंध मुलींस बोटांनी वाचावयास शिकविण्यात आले, तेव्हा 'ह्यांना डोळे नाहीत, ह्यांना पुस्तक कशाला' असे पंडिता रमाबाईंनी म्हटले नाही.

आता मंडळीकडे येतो. आपल्या उपासनेचा ठरलेला क्रम तरुणांस कंटाळवाणा वाटतो, परंतु ह्या लेकरास तो मोठा आधार आहे. गीत, प्रार्थना, शास्त्रवाचन, उपदेश, दान, आशीर्वाद, अशी सहा चित्रे एका पुठ्ठ्यावर काढून त्याच्या हाती दिली तर कितीतरी वेळ ते बसेल. दाराजवळची जागा त्याच्या घराकरिता राखावी. ओसरीवर एक चटई असावी, जेथे उपदेश ऐकू येतो पण ढोलकी दूर राहते. लाऊडस्पीकर कमी करावा. पन्नास माणसांच्या मंदिरात तो कशाला लागतो, हे आम्हास तसेही कधी कळलेले नाही. गाल ओढू नये, प्रेमानेही नाही. आणि स्त्री-मंडळातील दोघी-तिघींनी त्या लेकराची ओळख आठवड्याच्या दिवशी त्याच्या घरी जाऊन करून घ्यावी, म्हणजे रविवारी आई प्रभुभोजनाला पुढे जाईल तेव्हा ते परक्याच्या नव्हे, ओळखीच्या माणसाजवळ असेल.

ते लेकरू मोठे झाल्यावर स्वतः प्रभूच्या मेजाशी कसे येणार, असा प्रश्न काही पाळकांस पडतो. ते प्रश्नोत्तरे तोंडाने म्हणू शकत नाही, मग त्याची कबुली कशी घ्यावी? आमचे मत असे की, भाकर व प्याला ह्यांची चित्रे त्याला कित्येक आठवडे अगोदर दाखवावी, रिकाम्या मंदिरात नेऊन मेज दाखवावे, प्याला हातात द्यावा, आणि त्याला जे समजले आहे ते बोटाने, चित्राने, किंवा फोनवर अक्षरे टिपून सांगू द्यावे. लूकाच्या पहिल्या अध्यायात जखऱ्याची वाचा गेली होती. मुलाचे नाव काय ठेवावे ह्यावर नातलगांत वाद पडला, तेव्हा त्यांनी त्याला खुणांनी विचारिले. त्याने पाटी मागितली आणि नाव लिहून दिले. तोंडाने सांगितले नाही म्हणून कोणी ते नाव नाकारिले नाही. योहानाला पुढे सर्व लोक त्याच नावाने ओळखू लागले.